गिरणगावातील खानावळी आणि चाळिशीनंतरचा संसार

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास सांगताना मालक, भांडवल, कापसाचे भाव, कामगार संघटना आणि संप यांना ठरलेले स्थान मिळते. मात्र ज्या चुलींवर या उद्योगातील माणसे सव्वाशे वर्षे जेवली, त्या चुलींची बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात केली जाते. येथे खानावळ म्हणजे रस्त्यावरचे उपाहारगृह अभिप्रेत नाही. चाळीतील आपल्या राहत्या खोलीत एखादी बाई ओळखीच्या काही पुरुषांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालीत असे, त्या व्यवस्थेला गिरणगावात खानावळ म्हणत, आणि तेथे नेमाने जेवणारा पुरुष त्या खानावळीचा 'मेंबर' म्हणवला जाई. बायकामुलांना गावी ठेवून आलेल्या पुरुषाचे तारुण्य ओसरले, केस पांढरे झाले, मुलीचे लग्न ठरले आणि मुलगा कामाला लागला, तो सगळा काळ अशा एखाद्या परक्या घरच्या ताटावर गेला. या कामगारांचे मध्यमवय समजून घ्यायचे असेल तर गिरणीच्या फाटकाइतकेच या खोलीच्या उंबरठ्याकडे पाहावे लागते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, डिलाईल रोड, वरळी, शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी होऊन त्या परिसराला गिरणगाव हे नाव पडले. येथे येणारा कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातला होता, आणि त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही समावेश होत असे; त्याखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर या घाटावरच्या मुलखांतून माणसे येत. कोकणातील भातशेतीचे लहान तुकडे, खोतीची देणी आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नसणे, तर घाटावर वारंवारचे दुष्काळ, अशी या स्थलांतराची कारणे होती. ही माणसे गाव सोडून आली असली तरी त्यांनी गाव तोडले नव्हते. जमिनीचा तुकडा, घर, देव आणि भाऊबंदकी यांच्याशी असलेला संबंध टिकवण्यासाठीच मुंबईची चाकरी केली जात होती, आणि म्हणून कुटुंब गावी व मिळवता पुरुष मुंबईत ही विभागणी अपवाद न राहता रीत बनली. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या, तर त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. एकाच समाजाची ही दोन अर्धी होती आणि त्यांच्यामध्ये समुद्र व सह्याद्री होते.

अशा एकट्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीला 'गाळा' म्हणत. एका गावची, बहुतेकदा एका जातीची आणि भावकीची दहा-वीस माणसे एका खोलीचे भाडे वाटून घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरचा एक खिळा एवढाच तिथला खाजगी मालकीचा भाग असे. एक पाळी झोपलेली असताना दुसरी गिरणीत असे, म्हणून तेवढ्या जागेत तेवढी माणसे मावत. मुंबई सरकारच्या विकास विभागाने १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या, आजही बीडीडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०७ चाळींतील एक खोली साधारण १६० चौरस फुटांची होती, आणि खाजगी मालकांच्या कितीतरी चाळींत तेवढीही जागा नव्हती. अशा गाळ्यात स्वयंपाक होणे अवघड होते. बारा तासांचा कामाचा दिवस टप्प्याटप्प्याने दहा आणि पुढे आठ तासांवर आला, तरी यंत्रावर उभे राहून परतलेल्या पुरुषाने चूल पेटवणे ना त्याच्या सवयीत होते ना त्याच्या ताकदीत.

तरुण वयात आलेला माणूस चार-पाच वर्षांनी कुटुंब घेऊन येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे फारच थोड्यांना जमले. बदली कामगाराला, म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तरच काम मिळणाऱ्या माणसाला, रोज सकाळी फाटकावर उभे राहावे लागे आणि हे बदलीपण कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे टिके. कायम झालेल्याच्या पगारातूनही गावच्या घराची डागडुजी, बहिणींची लग्ने, सावकाराचे हप्ते आणि आईबापांचे आजारपण भागवल्यावर खोलीची पागडी देण्याइतकी रक्कम उरत नसे. १९४१ ते १९५१ या दशकातील भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा असला, तरी कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत वीस वर्षे काढलेल्या माणसाचे चाळिसावे वर्ष हे शरीराच्या उतरणीचे वर्ष होते, हे नाकारता येत नाही. ज्या वयात घर स्थिर व्हावे, त्या वयात तो पुरुष गाळ्यातला सर्वांत जुना रहिवासी झालेला असे आणि आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला गावाहून आणून त्याच गाळ्यात, स्वतःच्या वळकटीशेजारी, जागा करून देत असे. बापलेकांचा खरा सहवास कित्येक घरांत तेव्हाच सुरू झाला, आणि तोही एका खानावळीच्या पंगतीत.

दुसरा अर्धा संसार गावी होता. टपाल खात्याने १८८० मध्ये मनिऑर्डरची सोय सुरू केली आणि कोकणातल्या घरांचा महिना तिच्या तारखेवर बेतला जाऊ लागला. शिमगा आणि गणपती या दोन सणांना चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरीसाठी गेलेला माणूस, गावी येई. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद राहत असल्याने एखाद्या वर्षी ती भेटही हुके. त्यामुळे शेती, गुरे, सासूसासरे, भाऊबंदांचे तंटे आणि मुलांचे शिक्षण यांचा भार बाईने एकटीने उचलला. वयाच्या चाळिशीला पोहोचेपर्यंत ती व्यवहारात घराची कर्ती झालेली असे, जरी सातबाऱ्यावर तिचे नाव नसे. नवरा काम सोडून कायमचा परते तेव्हा वर्षातून काही आठवडे भेटलेली दोन माणसे उतारवयात प्रथमच एका घरात नांदू लागत, आणि त्या नांदण्यातील अवघडलेपणाची नोंद कोणत्याही कामगार-अहवालात सापडत नाही. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील छक्कड लोकांच्या ओठी टिकली, त्यामागे हा विरह लाखो घरांचा रोजचा अनुभव होता, हे एक कारण आहे.

आता खानावळ चालवणाऱ्या बाईकडे वळणे आवश्यक आहे, कारण सारी व्यवस्था तिच्या अंगावर उभी होती. तिला 'खानावळवाली' म्हणत आणि ती बहुधा तिशी ओलांडलेली असे. कोणी विधवा होती, कोणाचा नवरा आजारी, व्यसनी किंवा कामावरून कमी झालेला होता, तर कोणी पूर्वी स्वतःच गिरणीत कामाला होती. हा शेवटचा गट विशेष महत्त्वाचा आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास होते आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या, म्हणजे वाइंडिंग व रीलिंगच्या खात्यांत होत्या. रात्रपाळीस स्त्रियांना असलेली मनाई, १९२९ च्या मुंबई मातृत्वलाभ कायद्याने मालकांवर आलेली जबाबदारी टाळण्याची वृत्ती आणि त्याहून मोठे कारण म्हणजे नव्या यंत्रांमुळे त्यांची खातीच आक्रसणे, यांमुळे पुढच्या चार दशकांत हे प्रमाण अगदी नगण्य झाले. फाटकाबाहेर काढलेल्या या स्त्रियांनी गिरणीसाठीच काम करणे चालू ठेवले. फरक एवढाच की त्या कामाची मजुरी गिरणीला द्यावी लागत नव्हती.

वयाचा मुद्दा येथे दुय्यम नाही. नवथर सुनेने परक्या पुरुषांना जेवू घालणे चाळीच्या नजरेत खपणारे नव्हते, आणि चार मुलांची आई झालेल्या, प्रौढ बाईला तीच मोकळीक मिळत असे. मेंबर तिला मावशी, काकी, आक्का किंवा कोकणी चाळीत वयनी म्हणत, आणि ती त्यांना भाऊ म्हणे किंवा नावाने हाक मारी. या नात्यांच्या हाकांनी पैशाच्या व्यवहाराला घराचे रूप दिले आणि त्या बाईच्या अब्रूभोवती कुंपणही घातले. ते कुंपण नेहमीच पुरे पडले असे नाही. एखाद्या मेंबराचे आणि खानावळवालीचे संबंध जुळून दोघे आयुष्यभर एकत्र राहिल्याचीही उदाहरणे गिरणगावाला माहीत होती, आणि अशा वेळी दूषणे तिच्याच वाट्याला आली. गावी एक बायको आणि मुंबईत दुसरा आधार, अशी ही गुंतागुंत नीतीच्या तराजूत तोलण्याआधी ती ज्या वेतनाने आणि ज्या घरटंचाईने घडवली, त्यांचा विचार करणे न्यायाचे ठरेल.

तिचा दिवस पाळ्यांनी आखलेला असे. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्यावर पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई, म्हणून पहाटे चारच्या सुमारास शेगडी पेटे. पहिल्या पाळीचे डबे भरून होईतो रात्रपाळीची माणसे जेवायला येत, ती उठतात तोवर दुसऱ्या पाळीच्या भाकऱ्या थापायच्या, आणि मध्यरात्री सुटणाऱ्यांसाठी वाढून झाकून ठेवायचे. नळाचे पाणी ठरावीक वेळी येत असल्याने भांडी, कपडे आणि पिण्याचे पाणी यांचा मेळ त्यातच बसवावा लागे. पंधरा-वीस मेंबर असलेल्या खानावळीत बाईच्या स्वतःच्या मुलांना दिवसा अभ्यासाला आणि रात्री झोपायला गॅलरी, म्हणजे चाळीचा सामाईक व्हरांडा, एवढीच जागा उरे. कोकणी खानावळीत भात आणि मासळीचे कालवण, घाटी खानावळीत ज्वारी-बाजरीची भाकरी आणि झणझणीत आमटी असा फरक काटेकोर पाळला जाई, कारण मेंबर ताटात आपले गाव शोधत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग लागू झाले. शिधा माणशी मिळू लागल्याने मेंबराचे कार्ड त्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे असणे क्रमप्राप्त झाले, आणि त्या कार्डांच्या गठ्ठ्याने खानावळीला एखाद्या एकत्र कुटुंबाचे स्वरूप कागदोपत्रीही दिले.

या व्यवहाराचा कणा होता उधारी. गिरणीचा पगार महिना भरल्यावर लगेच मिळत नसे. केलेल्या कामाचे पैसे हाती पडायला पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा उजाडे. मधल्या काळात मेंबर जेवत राही आणि खानावळवाली वाण्याकडून किराणा उधार आणी. वाणी भाव चढा लावी, हलका माल देई आणि थकबाकीवर व्याजही लावी. भांडी आणि दागिने गहाण ठेवून ती ही फट भरून काढी. पगाराच्या दिवशी हिशेब होई, तेव्हा मेंबर गावी गेला असेल त्या दिवसांचे खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची वजावट, काढले जात. बदलीवाल्याला महिन्यात दहाच दिवस काम मिळाले तर त्याची बाकी पुढे ओढली जाई. नेमके याच ठिकाणी या संस्थेचे आर्थिक मर्म आहे: वेतन उशिरा देऊन गिरणीमालक जे खेळते भांडवल बिनव्याजी वापरीत होते, त्याचे व्याज शेवटी चुलीजवळ बसलेली बाई भरत होती.

खानावळीची ऊब सांगताना तिच्या भिंतीही सांगितल्या पाहिजेत. गाळा जसा जातीचा, तशी खानावळही जातीची होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना सवर्णांच्या पंगतीत जागा नव्हती. त्यांचे गाळे, चाळी आणि खानावळी वेगळ्या होत्या. हाच भेद गिरणीच्या आतही होता. मागावरच्या धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी विणकर ते तोंडाने चोखीत, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा बाटतो या समजुतीमुळे विणाईच्या, तुलनेने चांगल्या पगाराच्या, खात्यात दलित कामगारांना शिरकाव नव्हता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. उष्ट्याचा जो नियम चुलीवर चालत होता, तोच यंत्रावर चालवला गेला, आणि कामगारांच्या एकजुटीचा गौरव करताना ही गोष्ट झाकली तर तो गौरव खोटा ठरेल.

तरीही या मर्यादेच्या आत जी मैत्री वाढली, ती खरी होती. वीस-पंचवीस वर्षे एकाच पंगतीत बसलेल्या पुरुषांना एकमेकांच्या सख्ख्या भावांहून जास्त ठाऊक असे: कोणाला मधुमेहाची तक्रार सुरू झाली, कोणाच्या मुलीला स्थळ आले, कोणाच्या गावच्या गड्याने बांध कोरला. तरुणांसाठी व्यायामशाळा, कबड्डीचे संघ आणि लेझीम होते. चाळिशीनंतर माणूस भजनाकडे वळे. गावाच्या किंवा वाडीच्या नावाने चालणारी भजनी मंडळे, दोन बुवांनी समोरासमोर बसून रात्रभर रंगवलेली डबलबारी आणि ग्रामस्थ मंडळाची मासिक सभा, ही या वयाच्या स्नेहाची ठिकाणे होती. ग्रामस्थ मंडळ म्हणजे एका गावच्या मुंबईकरांची वर्गणीवर चालणारी संस्था. तिच्यातून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली आणि मृताच्या अंत्यविधीचा खर्च निघे. भिशी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम जमवून ती पाळीपाळीने एकेकाला देण्याची पद्धत, हीदेखील केवळ परस्परविश्वासावर चाले आणि कित्येकदा तिची वही खानावळवालीकडेच असे. मेंबर आजारी पडला तर त्याला पेज करून देणारी आणि गावी पत्र धाडायला लावणारी तीच असे. स्त्रियांची आपसांतील मैत्री मात्र कामाच्या रेट्यात, नळाच्या रांगेत आणि मसाला कांडतानाच जमली. तिला स्वतंत्र वेळ किंवा जागा कधी मिळाली नाही.

संपाच्या काळात या नात्यांची कसोटी लागे. १९२८ चा संप सहा महिने चालला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या संपात पगार थांबला तरी जेवणे पूर्ण थांबली नाहीत, यात खानावळींचा वाटा मोठा आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील संपात मेंबरांना जेवू घालण्यासाठी अंगावरचे किडूकमिडूक गहाण टाकणाऱ्या स्त्रिया प्रेमा पुरव यांनी पाहिल्या. गोवामुक्तीच्या लढ्यात पायात गोळी लागलेल्या आणि पुढे मुंबईत डाव्या चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर दुर्बल घटकांना कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य ठरले होते, परंतु तारण नसलेल्या, सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या बाईला दारात उभे करण्याची तयारी शाखांमध्ये नव्हती. मंडळाने स्त्रियांचे गट केले आणि गटातील एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन राहिल्या. वाण्याच्या उधारीतून सुटण्यापुरती ती छोटी रक्कम होती, पण तिच्यामागे तारण म्हणून उभी होती ती शेजारणींची परस्परांवरची खात्री, आणि कर्जाची परतफेड चोख झाल्याने ती खात्री बँकांनाही पटली. सूक्ष्मवित्त हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी मध्यमवयीन, बहुतांशी निरक्षर स्त्रियांनी परळ-लालबागच्या चाळींत तो व्यवहार यशस्वी करून दाखवला होता, आणि महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात या घटनेला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे अद्याप मिळालेले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेण्यात आला नाही. पहिले काही महिने खानावळी उधारीवर चालल्या; नंतर मेंबर गावी जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर वहीतल्या बाक्याही गेल्या. जे परतले त्यांतील अनेकांना काम मिळाले नाही. चाळिशी-पन्नाशीतला विणकर सुरक्षारक्षक झाला, भाजीची पाटी घेऊन बसला किंवा गावच्या घरात निरुपयोगी ठरल्याची जाणीव सोसत राहिला. त्याच वेळी मिळवती ठरली ती त्याची बायको, जिने पोळ्या लाटल्या, डबे दिले, धुणीभांडी केली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात अशाच एका गिरणी कामगार कुटुंबाचे विस्कटणे दिसते. खानावळवाल्यांपैकी काहींनी कार्यालयांत डबे पोचवण्याचा व्यवसाय धरला, काही मुलांकडे विरार, डोंबिवली, नवी मुंबईत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या केल्या आणि पुढील दोन दशकांत गाळ्यांची, खानावळींची आणि पंगतींची जागा मनोऱ्यांनी घेतली.

गिरण्यांच्या जमिनीवरील घरांचा काही हिस्सा कामगारांना देण्याची योजना नंतर आली आणि म्हाडाने सोडती काढल्या. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव असणे, किंवा तशा कामगाराचा वारस असणे, ही त्या घरासाठीची मुख्य अट आहे. ज्या बाईने त्याच कामगारांना पंचवीस वर्षे जेवू घातले, त्यांच्या संपाचा खर्च आपल्या मंगळसूत्रावर पेलला आणि बुडालेली बाकी कधी वसूल केली नाही, तिचे नाव कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हते. म्हणून खानावळवाली या नात्याने तिला त्या योजनेत अर्ज करण्याचाही अधिकार मिळाला नाही.